चोवीस दोरे, बारा डब्या

खोलीत चोवीस बायका होत्या, चोवीस सुया, गवताच्या एकोणीस पेंढ्या, पाण्याची एक बादली, बारा रिकाम्या डब्या आणि एक विज्ञान पदवीधर. म्हणजे मी! यांपैकी चुकलंच तर कोण चुकेल याचा माझा अंदाज पक्का होता, आणि त्या यादीत मी नव्हते.

शहरातल्या एका दुकानवाल्या बाईंनी आमच्या प्रशिक्षण केंद्राला पहिली ऑर्डर दिली होती: गवताच्या बारा टोपल्या, झाकणासकट. बारा जणींनी टोपल्या विणायच्या, बारा जणींनी झाकणं. माल पसंत पडला तर दर महिन्याला काम. नाही पडला तर केंद्र बंद! कारण खोली माझ्या मावशीच्या दिराची, आणि त्यांना ती भुशाच्या पोत्यांसाठी हवी होती. मावशीनं गोड बोलून पहिल्या ऑर्डरीपुरती मुदत मिळवली होती. साठ वर्षांत चुलीपासून लांब, हक्कानं बसायला मिळालेली तिची ही पहिली जागा.

"वीतभर, चार बोटं, असलं माप आजपासून बंद!" मी पहिल्याच दिवशी जाहीर केलं. "कुणाची वीत बशीएवढी, कुणाची परातीएवढी!"

मग मी आरपार रुंदी मोजायला सुती दोरे कापले. टोपलीच्या तोंडासाठी बावीस सेंटिमीटरचे बारा, झाकणासाठी चोवीसचे बारा. प्रत्येक दोरा तीनदा मोजला. फळ्यावर लिहिलं: 'मापाशी हुज्जत घालायची नाही.' टोपलीवाल्यांना दोरे ठेवायला एकेक डबी दिली. झाकणवाल्यांपर्यंत येईतो डब्या संपल्या.

"मनगटाला बांधतो!" घाईताई म्हणाली. तिचं उत्तर नेहमी प्रश्नाच्या आधी घराबाहेर पडलेलं असतं.

"उत्तम! म्हणजे हरवणार नाही," मी म्हटलं. वाक्य माझंच आहे, नोंद असावी.

सहाव्या दिवशी सकाळी दहाला सगळा माल खोलीत जमला. बाई बाराला येणार होत्या. मी ऐटीत पहिलं झाकण पहिल्या टोपलीवर ठेवलं.

थप्प! झाकण आत.

दुसरं. थप्प! तिसरं. थप्प! टोपल्या झाकणं अशा गिळत होत्या, की जणू सहा दिवस उपाशी ठेवल्या होत्या! अकरा झाकणं तळाशी गेली. बारावं, मावशीचं, मात्र टोपलीवर असं बसलं, जणू तिथंच जन्मलं.

मी घाईताईचा दोरा सोडवून मोजला. साडेएकवीस!

"हा बांधून काय काय केलंस?"

"भांडी, धुणं, म्हैस, पोरांच्या आंघोळी! मापापुरता सोडायचा, की परत बांधायचा. हरवायचा नव्हता ना?"

"अगं, भिजून आटला तो! लहान होतोय हे दिसलं नाही?"

"दिसलं की! मनगटाला काचत होता. पण हुज्जत कोण घालणार?" तिनं फळ्याकडे बोट केलं.

"आणि मावशी, तुझा दोरा?"

"माझा इथं आहे." मावशीनं चष्म्याची मोडकी दांडी दाखवली, दोऱ्यानं घट्ट बांधलेली. "मी आपली एक वीत न् दोन बोटं घेतली."

मी तिचं झाकण मोजलं. चोवीस. तिनं पंजा पसरून माझ्या नाकासमोर धरला. "बशी का परात?"

तेवढ्यात दारात हातगाडी लागली. मावशीचे दीर! "वहिनी, पोती कुठल्या भिंतीला लावू?"

माझं डोकं सुसाट सुटलं. दोरा भिजून आटतो, तर टोपलीही आटेल! मी माझी सरावाची टोपली बादलीत बुडवली. पाच मिनिटांनी बाहेर काढली तर ती फुगून एका कुशीवर कलंडली, रुसलेल्या जावयासारखी! खोलीत असा हशा पिकला, की दिरांनीही पोतं खाली टेकलं.

"झाकणांना कडेनं एक फेर वाढवला तर?" घाईताई म्हणाली.

"थांबा! मोजते. फेराची जाडी सव्वा सेंटिमीटर, दोन्ही बाजूंनी मिळून अडीच, साडेएकवीस अधिक अडीच..." मी चोवीसपर्यंत पोचले तेव्हा त्या अर्ध्या फेरापर्यंत पोचल्या होत्या.

आणि साधं गवत संपलं! उरली होती फक्त रंग भडक झाला म्हणून कोपऱ्यात टाकलेली लाल पेंढी.

"लाल तर लाल!" मावशी गरजली. "उसवा तो अर्धा फेर! भाऊजी, नुसते उभे आहात तर गवत भिजवून द्या!"

दिरांनी बाह्या सरसावल्या. सुया सपासप चालल्या, टोपलीवाल्या बादल्या आणायला धावल्या, कुणी कुणाच्या पदराला टाका घातला आणि दोघी उठताना एकत्रच उठल्या! बारा वाजता शेवटची गाठ बसली, बारा वाजून एक मिनिटानं बाई आत आल्या.

त्यांनी एक झाकण उचललं, फिरवलं, टोपलीवर ठेवलं. बसलं!

"ही लाल किनार कुणाची कल्पना?"

चोवीस बोटं माझ्याकडे वळली.

"दोऱ्याची," मी पुटपुटले.

"सुरेख! पुढच्या महिन्यात साठ द्या. अगदी अशाच."

खोलीत जो आरडाओरडा झाला, त्यानं छपरावरची कबुतरं उडाली. लाल हातांचे दीर निमूटपणे हातगाडी वळवायला गेले. "आता ही कुठं न्यायची?" एवढंच त्यांनी पोत्यांना विचारलं.

मावशी आपल्या झाकणाशेजारी नाक वर करून बसली होती. बाईंनी ते शेवटी उचललं, उलटसुलट पाहिलं.

"हे चुकलंय. किनारच नाही. एवढं परत ठेवा."

मावशीनं दोरा बांधलेल्या चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

"पोरी, आधी तो फळा पूस."

मी फळा पुसला. मग परत आलेलं झाकण पुन्हा एकदा, तीन जागी मोजलं. व्यास: चोवीस सेंटिमीटर, चोवीस सेंटिमीटर, चोवीस सेंटिमीटर.