चित्र काही भिंत सोडेना

शुक्रवारी सकाळी निवृत्त आर्किटेक्टसाहेबांनी हॉलच्या भिंतीवरचं आपलं चित्र उतरवायला घेतलं आणि ते उतरेना. आधी त्यांनी वरचा कोपरा धरून हलकेच ओढला, मग जरा जोर लावला. शेवटी स्टुलावर चढून दोन्ही हातांनी हिसका दिला, तेव्हा स्टूल सरकलं, साहेब खाली आले आणि चित्र मात्र होतं तिथंच राहिलं.

साहेबांनी जन्मभर इमारती उभ्या केल्या. निवृत्त झाल्यावर ते अमूर्त चित्रं काढू लागले, पण हात इमारतीचाच राहिला. कॅनव्हासवर रेघ मारण्याआधी ते ओळंबा सोडायचे, आणि ब्रशपेक्षा त्यांना थापीच बरी वाटायची. गॅलरीवाल्या बाईंनी त्यांची पहिली चित्रं बघून तोंडावर सांगितलं होतं, की जिना कुठून आहे तेवढं कळत नाही, बाकी नकाशा उत्तम आहे. साहेबांच्या ते जिव्हारी लागलं. पुढे एका चित्रकारानं ऐनवेळी प्रदर्शनातून अंग काढून घेतलं. तेव्हा याच बाईंनी फोन करून कळवलं की एक जागा रिकामी आहे, शुक्रवारी दुपारी टेम्पो घेऊन येते, तुमचं नवं काही तयार असलं तर ठीक, नाहीतर जागा दुसऱ्याला. एकदा तरी कुणीतरी आपल्याला चित्रकार म्हणावं, एवढीच साहेबांची इच्छा उरली होती.

म्हणून त्यांनी ठरवलं, की या वेळी रंग नाही, रंगीत प्लास्टर. बायको बहिणीकडे गेलेली असताना त्यांनी हॉलच्या भिंतीवर तागाचं कापड ताणून ठोकलं आणि त्यावर थापीनं चित्र चढवलं. इथवर ठीक होतं. पण प्लास्टर करायचं तर आधी भिंतीला टाचे मारायचे, नाहीतर पकड येत नाही, हे त्यांच्या हाडात मुरलेलं. त्यामुळे कापड ठोकण्याआधी त्यांनी छिन्नी घेऊन भिंत मन लावून खडबडीत करून ठेवली होती. पकड नेमकी कशाला हवी, हा प्रश्न त्यांना शिवलासुद्धा नाही. वर रोज सकाळ-संध्याकाळ पाणी मारलं. प्लास्टर कापडातून झिरपलं आणि त्यानं भिंतीत दात रोवले.

शेवटी बहिणीकडून परतलेल्या बायकोनंच साहेबांच्या जुन्या ठेकेदाराला फोन लावला. या माणसाचं प्लास्टर साहेबांनी नोकरीभर बोटानं वाजवून नापास केलं होतं. तो आला, त्यानं चित्राला कान लावला, चारी कोपरे टकटक वाजवले आणि मान डोलावली.

"साहेब, कुठंच पोकळ नाही. पास."

"अरे, मला ते पास नकोय, निघायला हवंय."

"तोडताना वाईट वाटेल हो," ठेकेदार म्हणाला. चेहऱ्यावर वाईट वाटल्याची खूण मात्र दिसत नव्हती.

कडेनं पातळ पातं घालून त्यानं हातोडीचे ठोके दिले, तसं पलीकडच्या घरातलं घड्याळ पडलं आणि शेजारचे काका जाब विचारायला आले. त्यांना जाब मिळाला नाही, चित्राचा खालचा कोपरा धरायला मिळाला. साहेबांनी दरम्यान चित्र कोणत्या क्रमानं सोडवायचं याची आकृती काढून दाराला चिकटवली. ती कुणी वाचली नाही. तिघांनी मिळून जोरानं ओढलं, भिंतीतून कर्रकन आवाज आला आणि चित्र तिघांसकट जमिनीवर आलं. बायको तेवढ्यात दार उघडत होती. दारात गॅलरीवाल्या बाई उभ्या होत्या.

बाईंनी चित्र समोरून पाहिलं. एकही रेघ वाकडी नव्हती.

"छान आहे," त्या म्हणाल्या, आणि साहेबांचा चेहरा पडला. असलं छान त्यांनीही अनेक नवशिक्यांना म्हटलेलं होतं.

ठेकेदारानं चित्र फिरवून सोफ्याला टेकवलं, तशा बाई पुढे आल्या आणि चित्राच्या पाठीसमोर चक्क खाली बसल्या. भिंतीवरचे वर्षानुवर्षांचे रंग कापडाला धरून निघून आले होते. कुठे बदामी, कुठे पिस्ता, मध्येच निळ्याचा तुकडा, आणि टाचे खोल गेले होते तिथं विटेची लाली.

"सर, हे कसं केलंत? हे तुमचंच ना?"

साहेबांना हो म्हणायचं होतं. अगदी ओठांवर आलं होतं. त्यांनी बायकोकडे पाहिलं.

"टाचे माझे," ते म्हणाले. "रंग हिचे. दर वेळी मी पांढरा म्हणायचो आणि ही ऐकायची नाही."

बायको अवघडली, पण बोटानं दाखवू लागली. "हा निळा मुलगी झाली तेव्हाचा. आणि हा पिस्ता... तुमच्या कामाचं बिनसलं होतं ना, त्या वर्षीचा. तुम्ही घरात बोलतच नव्हता. म्हटलं, निदान भिंत तरी हसरी असू दे."

साहेबांना हे माहीत नव्हतं. ते त्या पिस्त्याकडे बघत राहिले आणि त्यांचे डोळे भरून आले.

"हीच बाजू लावायची," बाई उठत म्हणाल्या.

"पण ती बाजू सपाट नाही," साहेब घाईघाईनं म्हणाले.

"साहेब, आता पुरे," ठेकेदार म्हणाला आणि त्यानं चित्र उचललं.

प्रदर्शनात चित्राखाली दोघांची नावं लागली. एका तरुणीनं साहेबांना "चित्रकार तुम्हीच ना?" असं विचारलं. साहेबांनी तिला भिंतीची पूर्वतयारी या विषयावर इतकं सांगितलं, की शेवटी बायकोला बाही ओढावी लागली. बाईंनी जाताना दुसरं चित्र मागितलं.

घरी आल्यावर साहेब बराच वेळ घुटमळले. मग बायकोच म्हणाली, "बेडरूमची भिंत घ्या. तिथं गुलाबीखाली पिवळा आहे."

"आणि त्याच्या खाली?"

"पांढरा," ती म्हणाली. "तेवढं एकदा तुमचं ऐकलं होतं."