याकोबभाऊंचं शास्त्र

"धानसाहेब, एक ओळ खाल्ली तू."

याकोबभाऊंच्या घरी राहायला गेलो त्या पहिल्याच संध्याकाळी माझ्यावर हा आळ आला. मी बायबल वाचत होतो आणि ते ओसरीवर बसून वेत सोलत ऐकत होते. मी एक अक्षरसुद्धा गाळलं नव्हतं. तसं म्हणालोही. त्यावर त्यांनी हातातला सुरा मांडीवर पुसला, धारेवरून अंगठा फिरवला आणि आपले पांढरे पडलेले डोळे माझ्याकडे वळवले.

"पुन्ना वाच. अन् बोट ठेवून वाच."

मी बोट ठेवतो की नाही याच्याशी आंधळ्या माणसाला काय करायचं होतं, कोण जाणे. पण हातात सुरा असलेल्या माणसाशी शास्त्रार्थ करू नये, एवढं मला कळत होतं. पहिलीतल्या पोरासारखं ओळीखाली बोट ठेवून मी तो अध्याय परत वाचला. ते मान तिरकी करून ऐकत राहिले. शेवटी सुस्कारा टाकून म्हणाले, "खाल्लीच तू."

मी मूळचा साताऱ्याकडचा. नव्वदीच्या सुरुवातीला सिंदेवाहीच्या भात संशोधन केंद्रात नोकरीला लागलो. नोकरी म्हणजे चिखलात उभं राहून धानाच्या लोंब्या तपासायच्या. त्यात साहेबी औषधालाही नव्हती, पण याकोबभाऊंनी 'धानसाहेब' म्हटलं आणि गावानं ते उचललं. खोली देताना त्यांनी एकच अट घातली होती. "रोज सांजंले मले शास्त्र वाचून दाखवाचं. पयल्या पानापासून शेवटल्या पानापावतर." मी ख्रिस्ती नाही, हे मी आधीच सांगून टाकलं. ते म्हणाले, "तुले वाचता येते ना? मंग झालं."

त्यांचा धंदा खुर्च्या विणण्याचा. तहसील, शाळा, वनखात्याचं विश्रामगृह, कुठलीही वेताची खुर्ची फाटली की ती त्यांच्या ओसरीवर यायची. तालुक्यातल्या समद्या सरकारी बुडांना आपण टेकू दिलाय, असं ते अभिमानानं सांगत. प्लास्टिकच्या खुर्च्या तेव्हा नुकत्याच येऊ लागल्या होत्या. कुणी तसली खुर्ची पुढे केली तर याकोबभाऊ उभेच राहत. "प्लास्टिकवर बसणाऱ्याचं मन जाग्यावर राह्यत नाई. लिहिलं हाय."

हे 'लिहिलं हाय' म्हणजे त्यांचा हुकमी एक्का. तो पडला की समोरच्यानं पानं खाली ठेवायची. वीज गेली की म्हणायचे, "हे बी दिवस जातीन. लिहिलं हाय." माझ्या अंगाला बांधावरच्या चिखलाचा वास आला की, "आंग धुणं म्हंजे अर्धी भक्ती." कुणी रडगाणं गायला आलं तर, "जो आपले हात हलवते, त्यालेच देव हात देते." कुणाच्या घरी दुखणं आलं तर, "देव पेलवन तेवढंच ओझं देते." ही वाक्यं मीही कुठे कुठे ऐकली होती. बायबलात असतील, असं मी धरून चाललो होतो. चर्चमधली बरीच मंडळीही तसंच धरून चालत.

पण "ताटात भाताची तिसरी वाढ सैतानाची" हे कुठल्या संदेष्ट्यानं सांगितलं असेल, याची मला शंका येऊ लागली. "विडीचा धूर स्वर्गात जाते, वढणारा खालीच राह्यते" हेही जरा संशयास्पदच होतं. आणि "जेवण झाल्यावर नवऱ्यानं आपलं ताट आपण उचलावं" या वचनावर तर चर्चमधल्या बायांची फार गाढ श्रद्धा होती. याकोबभाऊंनी प्रार्थनेत ते म्हटलं की मागच्या बाकांवरून असं काही 'आमेन' येई की पुढच्या बाकांवरचे पुरुष खाली बघत.

"हे नेमकं कुठल्या पुस्तकात आहे, याकोबभाऊ?" मी एकदा विचारलं.

"जुन्या करारात."

"पण कुठे?"

"तूच तं खाल्ली थे ओळ. मंग सापडन कशी?"

त्यांची बायको सारूबाई मी येण्याच्या आदल्या वर्षी वारल्या होत्या. तरुणपणी देवीच्या साथीत याकोबभाऊंचे डोळे गेले, तेव्हा मिशनच्या ज्या दवाखान्यात ते पडून होते तिथे सारूबाई नर्स होत्या. रोग्यांना बायबल वाचून दाखवायचं कामही त्यांच्याकडे होतं. याकोबभाऊ बरे होऊन निघाले ते सारूबाईंना घेऊनच. मूलबाळ झालं नाही. रोज संध्याकाळी बाईंनी वाचायचं आणि भाऊंनी वेत सोलत ऐकायचं, हा त्यांचा संसार. मी आता बाईंच्या जागी बसत होतो आणि रोज एक तरी ओळ खात होतो.

सगळं असंच चाललं असतं, पण सारूबाईंच्या थडग्याचा दगड तयार झाला.

दगडावर काय कोरायचं, हे याकोबभाऊंचं ठरलेलं होतं. 'देव एक दार लावते तं एक खिडकी उघडी ठेवते.' त्याच सुमारास चर्चमध्ये नागपूरहून नवे पाळक आले होते. तरुण, अभ्यासू आणि नियमाला पक्के. त्यांनी आल्या आल्या कमिटीकडून ठराव करून घेतला होता की थडग्यांवर फक्त शास्त्रवचनं कोरायची, तीही अध्याय आणि ओवी यांच्या आकड्यांसकट. ठरावाला कारण होतं. एका ठेकेदाराच्या थडग्यावर त्याच्या पोरांनी सिनेमातल्या गाण्याची ओळ कोरून घेतली होती आणि लोक ती गुणगुणत परत यायचे.

पाळकसाहेब स्वतः ओसरीवर आले. याकोबभाऊंनी वचन सांगितलं.

"हे बायबलमध्ये नाही, भाऊ," पाळकसाहेब नरमाईनं म्हणाले. "लोकांना वाटतं आहे म्हणून. पण नाही."

सुरा थांबला. "लिहिलं हाय."

"कुठे ते दाखवा. मी स्वतः उभा राहून कोरून घेतो."

"येत्या रविवारी दाखवतो. समद्यायच्या समोर. धानसाहेब वाचन."

"आणि नाही सापडलं तर?"

"तं दगड कोराच राहीन. अन् तिच्या बाजूले मी येईन तवा माहा बी कोरा."

पाळकसाहेब गेले. मी तसाच बसून राहिलो. या भांडणाशी माझा काडीचा संबंध नव्हता आणि मी त्याच्या ऐन मध्यावर बसलो होतो.

तो आठवडा मी विसरणार नाही. पहाटे केंद्रावर जाण्याआधी मी पानं चाळायचो, दुपारी डबा खाताना चाळायचो. नीतिसूत्रं संपवली, उपदेशक संपवला, स्तोत्रांत तर दोनदा बुडी मारली. दारं भरपूर सापडली, खिडक्याही सापडल्या. एकदा एका खिडकीतून एक माणूस झोपेत खाली पडलेलाही सापडला, पण त्याचा दगडावर काही उपयोग नव्हता. संध्याकाळी याकोबभाऊ विचारत, "सापडलं?" मी म्हणे, "पुढे असेल." मग नुसता सुरा चालायचा. मला त्या आवाजाचीही धास्ती वाटू लागली.

शुक्रवारी मी पाळकसाहेबांच्या घरी गेलो. टेबलावर त्यांनी शब्दसूचीचा जाडजूड ग्रंथ उघडून ठेवला होता आणि डोळे लाल झाले होते.

"मीही शोधतोय," ते म्हणाले. "मला सापडावं असंच वाटतंय. पण नाही हो. लोकांच्या तोंडचं वाक्य आहे ते. खोटं कसं कोरू देऊ?"

परत येताना मला पाळकांचा राग येत नव्हता, याचाच राग आला. एखादा दुष्ट माणूस समोर असता तर बरं झालं असतं. इथे दोघंही खरे होते आणि खोटं बोलायची पाळी माझ्यावर येत होती.

रविवारी उपासना संपली तरी कुणी उठलं नाही. पुढच्या बाकावर कमिटी, मागे बायका. पाळकसाहेब आपलं बायबल उघडून बसले होते. याकोबभाऊ वेदीजवळ एका खुर्चीवर बसले होते. खुर्ची अर्थातच वेताची.

"धानसाहेब," ते म्हणाले, "वाच. बोट ठेवून."

मी नीतिसूत्रांतला एक अध्याय काढला. पाळकसाहेबांनी आकडा विचारला आणि आपल्या पुस्तकात तेच पान उघडलं. मी एक ओवी वाचली. दुसरी वाचली. तिसरीच्या शेवटी मी समोर बघितलं. याकोबभाऊंनी मान तिरकी केली होती, पहिल्या संध्याकाळी केली होती तशीच. त्या क्षणी मला नियम, शास्त्र, माझा धर्म, त्यांचा धर्म, काही दिसेना. त्या बाईंच्या दगडावर ते वाक्य असलं पाहिजे, एवढंच दिसत होतं. मी तशाच सुरात पुढे म्हणालो, "देव एक दार लावतो, तेव्हा एक खिडकी उघडी..."

"थांब, धानसाहेब."

पाळकसाहेबांचं बोट त्यांच्या पानावर तसंच होतं. ते माझ्याकडे बघत होते.

"तुयं बोट थांबलं," याकोबभाऊ म्हणाले.

मी खाली बघितलं. खरंच थांबलं होतं.

"मले आयकू येते," ते सगळ्यांना उद्देशून म्हणाले. "बोट कागदावर चालते त्याचा आवाज येते. माहे डोळे गेले तवा मी दवाखान्यात भिंतीकडं तोंड करून पडलो होतो. कोनाशी बोलत नव्हतो. सारू रोज येऊन वाचे. एक दिवस तिचं बोट थांबलं, पन थे बोलतच राह्यली. का, देव एक दार लावते तं एक खिडकी उघडी ठेवते. मले तवाच समजलं, हे पुस्तकातलं नाई. हे तिचं हाय. माह्यासाठी हाय."

पाळकसाहेब उठून उभे राहिले होते. "मग तुम्हाला माहीत होतं? सगळंच? ते ताटाचं, विडीचं?"

"समदं."

"मग इतकी वर्षं 'लिहिलं हाय' का म्हणत होता?"

"माही बायको म्हणते म्हटलं तं कोन आयकते, पाळकसाहेब? शास्त्र म्हणते म्हटलं का लोक ताट उचलते."

मागच्या बाकांवर एक बाई हसली आणि हसता हसता रडू लागली.

याकोबभाऊ माझ्या दिशेनं वळले. "थे गेल्यावर म्हून तुले वाचाले लावलं, धानसाहेब. तिचं बोट कुठी कुठी थांबे, त्या जागा मले पाठ हायेत. थे जागा आली का मी कान देऊन बसतो. वाटते, आता थांबन. आता काईतरी म्हनन. तू सरळ पुढं चालला जाते."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि मी ते लपवलं नाही. तिथे लपवण्यासारखं कुणाकडेच काही उरलं नव्हतं. रोज संध्याकाळी हा माणूस एका आवाजाची वाट बघत बसत होता आणि मी मात्र स्वतःच्या शुद्ध वाचनाचा हिशेब देत होतो.

"मग आज मला थांबवलंत कशाला?" मी विचारलं. "कोरलं गेलं असतं."

"त्या दिवशी पाळकसाहेबाले मी हट्टानं बोलून बसलो, पन तिनं कवा खोटं बोट फिरवलं नाई. आपलं बोलाची तवा थांबवे. तिच्या दगडावर लबाडी नको." ते उठले. "कोराच राहू द्या."

पाळकसाहेबांनी आपलं बायबल मिटलं. मग म्हणाले, "माणसाचे शब्द देवाचे म्हणून कोरू नयेत, एवढ्यासाठी तो ठराव होता. तिचे शब्द तिचे म्हणून कोरले, खाली आकड्यांच्या जागी तिचं नाव घातलं, तर त्यात खोटं काहीच नाही. पण ठराव बदलायचा तर कमिटीनं बदलला पाहिजे."

कमिटीतल्या खजिनदारांनी घसा साफ केला. नियम म्हणजे नियम, असं काहीतरी ते सुरू करणार होते. तेवढ्यात मागून त्यांच्या बायकोचा आवाज आला, "आज घरी जेवाचं हाय ना?"

ठराव एकमतानं बदलला.

दगड बसवला त्या दिवशी कापणी सुरू झाली होती आणि मला केंद्रावरून निघायला उशीर झाला. पोचलो तेव्हा बाकीचे परतले होते. याकोबभाऊ एकटेच दगडाजवळ बसले होते. मी आल्याचं त्यांना चपलांच्या आवाजावरून कळलं.

"वाच," ते म्हणाले. "बोट ठेवून."

मी खाली बसलो आणि कोरलेल्या अक्षरांवरून बोट फिरवत वाचू लागलो. दगड खरबरीत होता, माझ्याही कानाला आवाज येत होता. दार झालं, खिडकी झाली, वाक्य संपलं. खाली, जिथे एरवी अध्यायाचा आकडा असतो, तिथे 'सारूबाई' होतं, तेही वाचलं.

त्यांनी मान तिरकी केली होती. बोट उचललं तरी ते थोडा वेळ तसेच राहिले.

"थांबलं नाई," ते म्हणाले.

"नाही थांबलं."

"मंग लिहिलं हाय."