अंबादासकाकांचं एकच मिनिट

शोकसभेत कचऱ्याचा विषय काढणारा माणूस मी एकच पाहिला. आमचे अंबादासकाका. पक्षाचे एक जुने पदाधिकारी वारले होते, सगळे माना खाली घालून बसलेले. काका उठले, "लई मोठा मानूस गेला," म्हणाले, डोळे पुसले आणि त्याच दमात बोलले, "आन् हारांवरचं पलास्टिक कुनी वढ्यात टाकू नका. मागच्या बारीला टाकलतं."

सिरसाळ्यातल्या आमच्या शाखेचा मी सचिव. म्हणजे सतरंज्या अंथरायच्या, निरोप द्यायचे, चहा सांगायचा. काका एसटीतून ड्रायव्हर म्हणून निवृत्त झाले आणि बैठकांना यायला लागले. त्यांना तिकीट नको होतं. गावाच्या कडेनं जाणारा ओढा पक्षानं मनावर घ्यावा, एवढंच मागणं. बाजारातली सडकी भाजी, कोंबड्यांची पिसं, फुटके कॅरेट, सगळं त्या ओढ्यात जायचं.

बैठक कशाचीही असो, शेवटी 'आयत्या वेळचे विषय' आले की काका उभे राहायचे. "अध्यक्षसाहेब, एकच मिनिट घेतो." ते मिनिट एसटीच्या थांब्यावरच्या मिनिटासारखं असायचं, कधी संपेल याचा नेम नसे. लोक हळूच चपला शोधायला लागायचे. काका दाराकडे बघून म्हणायचे, "जा, जा. पन नाकाला रुमाल लावून जा. वाटेत वढा लागतोय."

पुढे पक्ष फुटला. काका दोन्हीकडच्या बैठकांना जायला लागले. तालुकाध्यक्ष भडकले, "काका, तुम्ही नेमके कुणाकडं?"

"पक्ष फुटला आसंल, सायेब. वढा कुटं फुटलाय?"

शेवटी वैतागून साहेबांनी त्यांना पर्यावरण सेलचं अध्यक्ष करून टाकलं. सेलमध्ये काका एकटेच. तरी त्यांनी रीतसर बैठक बोलावली. आलो मी, तेही सतरंजी आणायची होती म्हणून. काकांनी अध्यक्ष म्हणून माझं स्वागत केलं, सदस्य म्हणून ओढ्याचा विषय मांडला, त्याला स्वतःच अनुमोदन दिलं आणि शेवटी आभारही मानले. मी हसू दाबत होतो. ते मात्र घामाघूम झाले होते.

मागच्या उन्हाळ्यात ओढ्याचा विषय खरोखरच पक्षाच्या बैठकीत आला, आणि तोही पहिलाच. ओढ्यावर स्लॅब टाकून दुकानांचे गाळे काढायचे, गावात तसं ठरत होतं. पक्षानं पाठिंबा द्यायचा का, एवढाच प्रश्न होता. साहेब म्हणाले, "घाण झाकली जाईल, बाजारपेठ वाढेल. काका, तुमचाच प्रश्न सुटला."

काका उठले. मिनिटही मागितलं नाही. "झाकल्यानं घान जात न्हाई, सायेब. आत कुजती. आन् पावसाळ्यात पानी गावात शिरंल." एवढं बोलून खाली बसले. आजवरचं त्यांचं सगळ्यात छोटं भाषण.

साहेबांनी हात वर करायला सांगितलं. काकांचा सोडून सगळे हात वर गेले. साहेब हसत काकांकडे बघत राहिले. मग आम्ही सगळेच बघायला लागलो. काकांचा हात हळूहळू वर गेला. ठराव एकमतानं मंजूर झाला, टाळ्या पडल्या. काका चहा न घेता निघून गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांच्या घरी गेलो. काकू जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगा पुण्याला. काका एकटेच ओट्यावर बसले होते.

"काका, तुम्ही का हात वर केलात?"

"सगळे माझ्याकडंच बगायलते. वाटलं, आता न्हाई म्हनलो तर फुडच्या बैठकीचा निरोप यायचा न्हाई." मग अंगणाकडे बघत म्हणाले, "दिसभर कोन बोलतंय रं माझ्याशी? तितं निदान 'बसा काका' तरी म्हनतेत."

मी त्यांच्या शेजारी ओट्यावर बसलो.

काही दिवसांनी स्लॅबच्या कामाचा नारळ फोडायचं ठरलं. निरोप द्यायचं काम माझंच. काकांच्या दारात उभा राहिलो, निरोप सांगितला आणि वर म्हणालो, "नाही आलात तरी चालेल, काका."

ते लगबगीनं उठले, खुंटीवरचा धुतलेला शर्ट काढून झटकला.

"न्हाई न्हाई," ते म्हणाले, "बोलावलंय तर येतो की."