सल्ला की बाटली

कुणाच्याही बागेत शिरलं की आमचे शेजारी आप्पा आधी द्राक्षाचं पान तोडून चघळतात. डोळे मिटतात, थुंकतात, मग निदान. "औषध कवा मारलंय?" हे मात्र पान तोंडात घालण्यापूर्वी विचारतात. वेडे आहेत, पण तेवढे नाहीत.

तासगावच्या आसपासचे बागायतदार या सल्लागाराला लय मानतात. आणि सल्ला काय? बहुतेक वेळा एकच. "काय मारू नगंस. चार दिस थांब." एवढं ऐकायला लोक यांना बोलावतात आणि वर फी देतात!

पण गुडघे बोंबलायला लागले. मोटारसायकलला किक मारताना आप्पांना तेहतीस कोटींपैकी निम्मे देव आठवायचे. मी म्हटलं, "आप्पा, फिरणं पुरे आता. तुमचं ते वेलींवर मारायचं मासळी-गुळाचं टॉनिक बाटलीत भरा, घरबसल्या विका." टॉनिक गुणाचं, यात वाद नाही. वास असा, की गल्लीतली मांजरं त्यांच्या दाराशी भजनाला बसल्यागत बसायची.

आप्पांनी बरेच आढेवेढे घेतले, पण शेवटी मानलं. मी हौसेनं सांगलीहून लेबलं छापून आणली. आप्पांच्या सोप्यात दोनशे बाटल्या मांडल्या.

पहिलं गिऱ्हाईक आलं. "आप्पा, द्राक्षाचं मनी फुगंना झाल्यात. टॉनिक द्या."

आप्पांनी त्यानं आणलेलं पान चघळलं. "गरज न्हाई. चार दिस थांब."

गिऱ्हाईक खुशीत, रिकाम्या हातानं गेलं. दुसरंही तसंच. तिसऱ्याला मी मधे पडून बाटली देऊ केली, तर आप्पांनी ती माझ्या हातातनं काढून घेतली!

माझं डोकंच फिरलं. "आवं आप्पा, आपलाच माल नको म्हणायचा? अशानं धंदा व्हतोय व्हय?"

"गरज नस्ताना कशी दिऊ? पोरागत जपलेल्या बागा हायत्या त्या."

"मग पान बघूच नका. बाटली द्या आन् गप घरात बसा."

"घरात?" आप्पा हसले, पण हसू काही टिकलं नाही. "बागंत गेलो की म्हातारीकोतारी जेवाय बसवत्यात. नगं म्हनलं तरी आमटी वाढत्यात. तुझी काकी गेल्यापास्नं ह्या घरात मला कुनी 'अजून घ्या' म्हनलं न्हाई रं. मी उद्यापास्नं आपला बागंतच जानार."

आमची भिंतीला भिंत. धंदा कसा करावा हे मी त्यांना शंभरदा सांगितलं होतं, पण जेवायला या म्हणून एकदाही हाक मारली नव्हती.