उंबऱ्यावरचं माप

लग्नाला अठरा दिवस झाले तरी प्रणोतीचा गृहप्रवेश झाला नव्हता, कारण तिच्या सासूबाई शशिकला माने भारताच्या गोलकीपर होत्या आणि त्यांनी तांदळाचं माप अडवलं होतं.

मुद्दाम नव्हे. वरात दारात आली, प्रणोतीने उजव्या पायाने माप लवंडलं, आणि आत ओवाळायला उभ्या असलेल्या शशिकलाबाईंनी ताट नणंदेच्या हाती देऊन पैठणीसकट डावीकडे सूर मारला. एक दाणा उंबऱ्याच्या आत पडला नाही. मंगळवार पेठेतल्या त्या गल्लीने टाळ्या वाजवल्या. मग लक्षात आलं, सून बाहेरच राहिली.

एकोणतीस वर्षांत, एकशे बारा आंतरराष्ट्रीय सामन्यांत, शशिकलाबाईंवर गोल झाला नव्हता. ताश्कंदला त्यांनी नुसता तळहात दाखवून थोपवलेला बॉल अजून तिथे हवेतच आहे. नगरपालिकेने त्याच्याभोवती कुंपण घातलंय. त्या घरी असल्या की ऊनही उंबऱ्यापाशी येऊन थांबायचं. घरची माणसं मागच्या दाराने ये-जा करत.

सासऱ्यांनी, म्हणजे तात्यांनी, फुटबॉल महासंघाला रीतसर पत्र लिहिलं. उलट टपाली उत्तर आलं की उंबरा ही रेषा धरावी, माप पूर्णपणे रेषेपलीकडे गेलं पाहिजे, आणि कीपरने जाणूनबुजून सोडल्यास आजवरची सगळी नोंद रद्द होईल. मागच्या दाराने येण्यास हरकत नव्हती. हरकत प्रणोतीची होती. ती गडहिंग्लजची, फुटबॉल बघतच वाढलेली. मागच्या दाराने आलेली सून म्हणवून घेणं तिला जमणारं नव्हतं.

मग तिचं अंथरूण उंबऱ्याबाहेरच्या सोप्यावर, ओसरीतच पडलं. रोज सकाळी अंघोळ करून ती माप भरायची, हळदकुंकू वाहून लाथाडायची, आणि शशिकलाबाई ते अडवायच्या. मग दोघी पायरीवर चहा घ्यायच्या. आज उचलून मारलंस ते बरं, पण मारायच्या आधी विचार करतेस, असं सासूबाई सांगायच्या. प्रणोती ऐकून घ्यायची. बोलणं तिचं कमीच, बघणं जास्त.

चौदाव्या दिवशी शशिकलाबाई दोह्याला सामन्यासाठी गेल्या. त्यांची रिक्षा वळली तसं ऊन सरळ देवघरापर्यंत चालत गेलं. प्रणोतीचा नवरा संग्राम दारातून म्हणाला, "चल, आता कोण अडवतंय?"

"तेच तर," प्रणोती म्हणाली. "मोकळ्या गोलात मारलं, हे गडहिंग्लजला कुठल्या तोंडानं सांगू?"

रात्री आपली उशी घेऊन संग्रामही सोप्यावर आला.

अठराव्या दिवशी सकाळी शशिकलाबाई परतल्या. सामने एकशे तेरा, गोल शून्य. रिक्षातून उतरताना त्यांना उंबऱ्यावर भरलेलं माप दिसलं. वर स्वच्छ रुमाल.

"आत गेली नाहीस?"

"कीपर जागेवर नव्हता, आई."

प्रवासाची बॅग तात्यांकडे देऊन शशिकलाबाई मागच्या दाराने आत गेल्या, पदर खोचला, हातमोजे चढवले आणि दारात येऊन उभ्या राहिल्या. तात्यांनी शिट्टी वाजवली.

इतके दिवस रोज सकाळी बघून प्रणोतीला एक गोष्ट कळली होती. आई मापाकडे बघतच नाहीत. जमिनीवर टेकलेल्या डाव्या पायाची जोडवी जिकडे वळतील, तिकडे त्या झेपावतात. आज तिने जोडवी नीट देवघराकडे वळवली, आणि उजव्या पायाच्या बाहेरच्या कडेने माप स्वयंपाकघराकडे मारलं.

शशिकलाबाई देवघराशी आडव्या पडल्या. माप गडगडत थेट ओट्याखाली गेलं. घरभर तांदूळ झाले.

गल्लीत कोणी टाळी वाजवली नाही. प्रणोती उंबऱ्याबाहेर तशीच उभी राहिली. शशिकलाबाई कोपरावर उठल्या, तांदळाची रेघ कुठवर गेलीय ते त्यांनी निरखलं आणि पुन्हा सुनेच्या जोडव्यांकडे पाहिलं.

"एकोणतीस वर्षांत हे कुणाला दिसलं नव्हतं," त्या म्हणाल्या. "ये आत. उजवा पाय आधी."

दुपारी त्यांनी स्वतः पेंटरला बोलावून दारावरची पाटी बदलून घेतली. शशिकला माने, भारत. सामने एकशे तेरा. गोल १, सूनबाईंचा. पेंटरने तो एकचा आकडा संकोचून बारीक काढला होता. शशिकलाबाईंनी त्याला कोपऱ्यावरून परत बोलावलं आणि तो गल्लीच्या तोंडापासून वाचता येईल एवढा मोठा करायला लावला.