त्र्यंबकपंतांच्या पत्रांचे दर्शन

प्राचीन काळी जगाची मध्यरेषा उज्जैनवरून जात असे आणि सगळ्यांनी वेळ आमच्याकडून घ्यावी असा रिवाज होता. ती जबाबदारी अंगावरून उतरल्यापासून आम्ही निवांत आहोत. त्यामुळे उज्जयिनी मराठी खगोल-परंपरा संवर्धन मंडळाची सहाची सभा फ्रीगंजमधल्या साड्यांच्या दुकानावरच्या खोलीत साडेसातला सुरू झाली, याचे कोणालाच काही वाटले नाही.

विषय एकच होता. दोनशे वर्षांपूर्वी इथे त्र्यंबकपंत वेधकर नावाचे दरबारी खगोलशास्त्रज्ञ होऊन गेले. त्यांनी एका स्कॉटिश साहेबाला स्वतःच्या हाताने मोडीत पत्रे लिहिली, ती साहेबाबरोबर गेली आणि आता एडिनबर्गच्या एका संग्रहात आहेत. मृण्मयी या विषयावर पीएचडी करत होती. त्यासाठी ती मोडी शिकली होती. पंचांगातली सूर्यग्रहणाची वेळ चुकली, हे त्र्यंबकपंतांनी स्वतः वेध घेऊन ताडले होते, एवढे इकडच्या कागदांत सापडते. किती चुकली, तो आकडा फक्त त्या पत्रांत. तो मिळाला तर प्रबंध उभा राहणार होता. नाही तर तिच्याजवळ नुसते मुखपृष्ठ होते.

संग्रहाने कळवले होते की पत्रांचा कागद पार ठिसूळ झाला आहे. एप्रिलपासून गठ्ठा पाच वर्षांसाठी दुरुस्तीला जाईल. त्याआधी मार्चमध्ये एक दिवस, एखाद्या संस्थेच्या शिफारशीने, दोन वाचकांना प्रवेश मिळेल. मृण्मयीला मंडळाकडून अर्ध्या पानाची शिफारस हवी होती. तिकीट ती स्वतः काढणार होती.

"शिफारस देऊ ना बेटा," सचिव विनायकराव म्हणाले. "पण कायद्यानं." विनायकराव रेल्वेतून निवृत्त झाले होते आणि सिग्नल पडल्याशिवाय काहीही हलू नये अशी त्यांची श्रद्धा होती. "दौऱ्याचा निष्कर्ष तीन प्रतींत जोडावा लागेल."

"काका, निष्कर्ष पत्रं वाचल्यावर निघेल."

"मग काय निघणार हे माहीत नसताना मंडळानं शिफारस करायची? उद्या भलतंच निघालं म्हणजे?"

मृण्मयीने 'निष्कर्ष अद्याप अज्ञात' असे लिहून दिले. कागद परत आला. मग तिने 'ग्रहणाच्या वेळेत सुमारे दोन घटकांचा फरक असावा' असे लिहिले. त्यातले 'सुमारे' आणि 'असावा' हे शब्द अध्यक्षांनी लाल शाईने काढले, 'आहे' घातले, आणि निष्कर्ष एकमताने मंजूर झाला. टाळ्या वाजल्या. चहा आला, शेव आली.

निष्कर्ष हाती आल्यामुळे अभ्यासकाचे काम संपले, हे ओघाने आलेच. आता राहिली होती ती प्रत्यक्ष भेट, आणि भेटीला घरचे माणूस लागते. अध्यक्ष श्रीपादराव वेधकर हे त्र्यंबकपंतांचे सातव्या पिढीतले वंशज. माधव नगरात लोकांचे आयकराचे काम बघतात. पहिली जागा त्यांची ठरली. दुसरी त्यांच्या पत्नी सुलूताईंची, कारण घराण्याचे कार्य जोडीने करायचे असते.

"श्रीपादकाका, तुम्हाला मोडी येते?" मृण्मयीने विचारले.

"अगं, ती आमच्या रक्तातच आहे."

"वाचता येते का?"

"रक्तातलं काय वाचायचं असतं?" काका म्हणाले. "आणि तुझं नाव अहवालात घालणारच आहे मी. टेन्शन नको घेऊ."

मृण्मयी रडली नाही. तिने ग्रहणाचे पत्र कोणते, पान कोणते, हे कागदावर लिहून दिले. प्रत्येक पानाचा सरळ, स्पष्ट फोटो काढायचा, आणि ग्रहणाच्या पानाचे दोन काढायचे, हे तिने सुलूताईंकडून वदवून घेतले. सुलूताईंनी तो कागद देवघरात ठेवला आणि तो तिथेच राहिला.

एडिनबर्गच्या वाचनदालनाचे नियम कडक होते. पेन बाहेर, पिशवी बाहेर, पाण्याची बाटली बाहेर. सुलूताईंचा लाडवांचा डबाही बाहेर राहिला, त्याचे त्यांना शेवटपर्यंत वाईट वाटत होते. मग एका बाईने शिफारशीत नमूद केलेले ग्रहणाचे पत्र मऊ उशीवर आणून ठेवले आणि हाताने स्पर्श करू नये, अशी नम्र विनंती केली.

श्रीपादराव त्या दिवशी हॉटेलात पहाटे उठले होते. आंघोळ, पूजा झाली होती, आणि एवढ्या मोठ्या दिवशी कपाळ कोरडे नको म्हणून सुलूताईंनी त्यांना कुंकवाचा चांगला ओला टिळा लावला होता. दोनशे वर्षांनी पूर्वज समोर आलेले. हात लावायचा नाही हा नियम त्यांनी तंतोतंत पाळला. दोन्ही हात मागे बांधले, वाकले आणि पत्रावर कपाळ टेकले.

बाईंनी केलेला आवाज अहवालात नाही. 'संग्रहातील कर्मचारीही भारावून गेले' असे एक वाक्य आहे.

लगेच पत्र नेण्यात आले, पाठोपाठ गठ्ठा नेण्यात आला, आणि दुरुस्ती एप्रिलऐवजी त्याच दुपारी सुरू झाली. पाच वर्षांची आठ झाली. यापुढे या मंडळाच्या शिफारशीचा विचार होणार नाही, असे मागाहून एक पत्रही आले. ते इंग्रजीत असल्याने आणि फार सभ्य असल्याने विनायकरावांनी ते आभारपत्रांच्या फाइलीत लावले.

परतल्यावर स्टेशनवर ढोल होते. सत्कार झाला. शाल अध्यक्षांनी मंडळाच्या वतीने स्वतःलाच दिली आणि वंशज म्हणून स्वीकारली. मृण्मयी हार-तुऱ्यांच्या गर्दीतून पुढे आली.

"काकू, फोटो?"

"काढले ना. किती काढले." सुलूताईंनी फोन पुढे केला. किल्ला होता, ट्रामगाडी होती, संग्रहाच्या पायऱ्यांवर काका होते, त्याच पायऱ्यांवर काकू होत्या. "मग त्यात जागाच नाही राहिली गं. पत्राचा एकच आला."

तो एकच फोटो ग्रहणाच्या पानाचा होता. मृण्मयीने तिथेच, ढोलाच्या आवाजात, ओळी लावल्या. तिथी लागली, वार लागला, 'पंचांगी वेळेस चूक पडली' इथपर्यंत लागले. पुढे आकडा होता. आकड्यावर काकांचे कपाळ उमटले होते.

"तुम्ही तिथं काही वाचलं का हो, काका?"

"वाचायला कुठे गेलो होतो? दर्शनाला गेलो होतो," श्रीपादराव म्हणाले. "आणि दोन घटका तर तूच लिहून दिल्या आहेस. मंजूर आहेत त्या."

मार्गदर्शकांनीही तेच सांगितले. मंडळाच्या स्मरणिकेत दोन घटका छापल्या आहेत, स्मरणिकेचा संदर्भ दे आणि मोकळी हो. स्मरणिकेत संदर्भ मृण्मयीचा होता. तिने नकार दिला आणि मुदत निघून गेली. आता तिने विषय बदलला आहे: 'माळव्यातील मराठी मंडळांच्या स्मरणिका'. या विषयाला साधनांची टंचाई नाही आणि सगळी साधने शहरातच आहेत. मंडळाने तिला शिफारस न मागता दिली.

त्या फोटोची मात्र सुंदर प्रत निघाली. सोनेरी काठाची चौकट करून ती प्रत्येक मराठी घरी वाटायची ठरली. नमुना पाहून मृण्मयी शेवटचे एकदा मंडळाच्या खोलीत गेली.

"विनायककाका, हे उलटं छापलंय. मोडीत आधी रेघ मारतात, अक्षरं रेघेखाली लटकतात. इथं ती रेघेवर उभी आहेत."

"माहीत आहे बेटा. ठराव आहे तसा." विनायकरावांनी चष्मा काढला. "सरळ ठेवलं तर कुंकू खाली येत होतं. कुंकू कधी पायाशी बघितलंयस? आणि अक्षरं उभी आहेत तर काय वाईट? जास्त उत्साही दिसतात."

प्रती वाटून झाल्या. एक आपल्याकडेही आली असेल; देवघराशेजारी किंवा दिवाणखान्यात, टीव्हीच्या वर. येता-जाता आपण तिला हात जोडतो, पाहुण्यांना दाखवतो, 'आमच्या उज्जैनचं विज्ञान' म्हणतो. कुंकू वर दिसत असेल, तर पत्र उलटे आहे. पण म्हणून स्टूल घेऊन ते सरळ करायला जाऊ नका. वाचणार तर आपण ते कुठल्याच बाजूने नव्हतो.