आई आल्यावर

देवस्थळीकाका देवपूजा चोरून करायचे. मी बायकोपासून लपून बिडी ओढायचो ना, अगदी तशी. स्वयंपाकघरातल्या फडताळात, लोणच्याच्या बरणीमागे देव. काकांचं डोकंही फडताळात, आणि उरलेले काका बाहेर. मंत्र ओठातल्या ओठात. बाहेरच्या खोलीत पोरगी जरा कुरकुरली की धाडकन दार बंद. एकदा डोकं बाहेर काढायच्या आधीच दार बंद केलं. आठवडाभर कपाळावर टेंगूळ. ऑफिसात म्हणाले, "बसमध्ये लागलं." उभ्या आयुष्यात हा माणूस एवढंच खोटं बोलला असेल, तेही देवापायी.

पूर्वी ते असे नव्हते बरं का. सांगलीकडचे, पन्नाशीचे, एकटा जीव, आमच्या सरकारी ऑफिसात हेडक्लार्क. मी त्याच ऑफिसची जीप चालवायचो. माझं शिक्षण म्हणाल तर सही येते, पण दर वेळी वेगळी येते. कलकत्त्यात, बेहाल्याला एकाच घरात आम्ही भाडेकरू. ते वर, मी आणि बायको खाली. त्यांची पूजेची घंटा इतकी वेळेवर वाजायची की मी घड्याळ घेतलंच नाही.

मग एकाहत्तर साल आलं. पूर्व बंगालातून माणसांचे लोंढे येत होते. काका कामासाठी बजबजला निघाले होते. सियालदाच्या फलाटावर एका बाईनं त्यांच्या हातात सव्वा वर्षाची पोर दिली, "धरा, पाणी आणते" असं काहीतरी म्हणाली आणि गर्दीत गेली. काका उभे. बजबजच्या चार गाड्या गेल्या. बाई आली नाही. शेवटी ठाण्यात नाव-पत्ता लिहून दिला आणि पोर घेऊन घरी आले. पोर माझ्या बायकोनं घेतली तरी यांचे हात आपले पुढेच.

मी म्हटलं, "काका, आता हात खाली करा."

"बंड्या," म्हणाले, "ही ठेव आहे. जशी दिली तशी परत करायची."

जशी दिली तशी! सगळी मेख इथंच. दिली कशी, हिंदू का मुसलमान, तेच कुणाला ठाऊक नाही. नाव माहीत नाही, म्हणून खुकी म्हणायचं ठरलं. बंगालीत कुणाच्याही छोट्या मुलीला खुकी म्हणतात. मी म्हटलं, मला चेहऱ्यावरून कळतं. तासभर टक लावून बसलो. एवढंच कळलं की पोरगी माझ्या चुलत्यासारखी दिसते.

मग आमच्या घरमालकीणबाईंनी, मासीमांनी, एक खूण सांगितली. बंगाल्यांत हिंदू पाण्याला 'जोल' म्हणतो आणि मुसलमान 'पानी'. काकांनी कपाळावर हात मारला.

"अरे, ती बाई काय म्हणाली? जोल का पानी? मला आपलं पाणी कळलं!"

दहा दिवस आठवत होते. आठवेना. मग त्यांनी असं काढलं की खुकी बोलायच्या बेतात आहे, तर तिच्या घरचा शब्द तीच सांगेल. तोवर तिच्या कानावर दोन्ही शब्द पडता कामा नयेत.

आता कलकत्त्याचा उन्हाळा, आणि पाण्याचं नाव काढायचं नाही! दिवसा खुकीला मासीमा सांभाळायच्या. त्या कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "देबोबाबू, जोल को जोल नहीं बोलेगा तो क्या बोलेगा?"

"इशारा कीजिए," काका म्हणाले.

झालं, सगळं घर मुक्याचं. माझी बायको अंगठा तोंडाशी नेऊन पाणी मागायची. समोरच्या बिऱ्हाडात बोलवा झाली की ड्रायव्हर एक पितोच, आता बायकोही प्यायला लागली.

आणि घात केला तो मीच. भर दुपारी जीपचं चाक बदलून आलो, डोक्यात ताशा वाजत होता. जिना चढलो आणि ओरडलो, "काका, पाणी द्या हो, पाणी!"

खुकीनं माझ्याकडे पाहिलं. खुदकन हसली. म्हणाली, "पानी!"

काका मटकन खाली बसले. "बंड्या, हे तुझं पाणी का तिच्या आईचं?"

मी काय सांगणार? मला तर प्यायलाही कुणी दिलं नाही त्या दिवशी.

तेव्हापासून फडताळ सुरू झालं. आपला देव पोरीला दिसता कामा नये. दुर्गापूजेत बेहाल्याच्या गल्लोगल्ली देवी. काका छत्री आडवी धरून चालायचे, वर ना ऊन ना पाऊस. खुकीला वाटायचं खेळ आहे. ती छत्रीखालून वाकून सगळं बघून घ्यायची. मशिदीतून बांग आली की काका मोठ्यानं पाढे म्हणायला लागायचे. परिणाम एवढाच झाला की पोरीला वयाच्या मानानं पाढे फार येत.

मी एकदा म्हटलं, "काका, मला तरी कुणी विचारलं होतं? आईनं पाळण्यातच खंडोबाचा भंडारा फासला. काय वाईट झालं माझं?"

त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "ते राहू दे," म्हणाले. मग जरा वेळानं, "अरे, तुझ्या आईचा तो हक्क होता. आपल्या पोराला आपला देव द्यावा, आपली भाषा द्यावी. मोठेपणी त्याला नको वाटला तर त्यानं ठेवून द्यावा. पण मी कोण? मी नुसता फलाटावर उभा होतो."

"आणि ती बाई आलीच नाही तर?"

"खुकीला विचारून घेऊ."

हे त्यांचं ठरलेलं. विचारून घेऊ. वेणी घालायची, विचारून घेऊ. भात का पोळी, विचारून घेऊ. मी माझ्या बायकोला आजवर काही विचारलं नव्हतं, ती म्हणायची, "शिका काहीतरी वरच्या मजल्याकडून."

मराठी मंडळींच्या गणपतीत काकांनी वर्षानुवर्षं आरती सांगितली होती. आता ते दाराबाहेर, चपलांपाशी, खुकीचं बोट धरून उभे राहायचे. कुणीतरी टोमणा मारला, "काय काका, बाटलात की काय?"

"नाही हो," म्हणाले, "राखणीला आहे."

आत आरती चालली की बाहेर त्यांचे ओठ हलायचे, आवाज नाही. मला तेव्हा हसू यायचं. मला काय, कशालाही हसू येतं.

खुकी शाळेत घालायची झाली. फॉर्मवर धर्माचा रकाना. काकांनी पेन हातात धरून बराच वेळ काढला आणि लिहिलं: 'आई आल्यावर.' तेच खाली इंग्रजीतही लिहून दिलं. शाळेतल्या बाईंनी दोनदा वाचलं, खुकीकडे पाहिलं आणि फॉर्म ठेवून घेतला.

आणि दर रविवारी सकाळी सियालदा. त्याच फलाटावर तासभर उभं राहायचं. खुकीचे केस चापून विंचरलेले, फ्रॉकला इस्त्री. "आईनं म्हणायला नको, पोरीची हेळसांड केली."

एका रविवारी मीही गेलो. गाडी आली, गर्दी उतरली, पांगली. एक बाई मागे राहिली. विटकं लुगडं, हातात बोचकं. ती थांबली, खुकीकडे पाहायला लागली, आणि सरळ आमच्याकडे चालत आली.

मी म्हटलं, "काका!"

वळून बघतो तर काका नाहीत. सहा वर्षांची घोडी कडेवर, तिचं तोंड खांद्यात दाबलेलं, आणि हा माणूस फलाटाच्या पार टोकाकडे निघालेला. पळतच म्हणा ना.

बाई माझ्यापाशी आली. डायमंड हार्बरची गाडी कुठं लागते, एवढंच तिला विचारायचं होतं. मी सांगितलं. चुकीचंच सांगितलं असणार, माझं लक्ष कुठं होतं?

टोकाला गेलो. काका खांबाला टेकून उभे, छाती धपापत होती.

"गेली?"

"गेली. गाडी विचारत होती."

त्यांनी खुकीला खाली ठेवलं. ती म्हणाली, "काका, तू पळालास का?"

काका तिचा विस्कटलेला भांग बोटांनी नीट करत राहिले. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "बंड्या, दुसऱ्याची ठेव परत द्यायची वेळ आली की जो पळतो, त्याला काय म्हणतात रे?"

जन्मात पहिल्यांदा कुणीतरी मला येणारं काही विचारलं होतं. मी म्हटलं, "मला काय ठाऊक, काका? मी अडाणी माणूस."

पुढच्या रविवारी ते तिला घेऊन नेहमीपेक्षा तासभर आधी सियालदाला निघाले.